पासिंगचा जोड

अंबाजोगाई,
१२ जानेवारी २०२५

राधाकिशन भावजी यांस नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर पाठवलेला अंगठा पोचला. मी विचारलं होतं, "मोटारसायकल कशी आहे?" त्यावर तो पिवळा अंगठा हे तुमचं उत्तर. आपल्या घराण्यात तुमच्या आजोबांनंतर कुणी अंगठा उठवलेला नाही, असं तुमच्या थोरल्या भावाने मला लग्न झाल्या झाल्या अभिमानाने सांगितलं होतं. तुम्ही तो पुन्हा सुरू केलात. यापुढे मला मोबाइलवर काही कळवू नका. माझी सगळी नोकरी पोस्टात गेली. अंबाजोगाईचं पत्र सिरसाळ्याला कसं पोचतं ते मला माहीत आहे आणि अजून पोचतं. लिहा.

कागदही मिळाले. यंदा पाडव्याला गाडीला पंधरा वर्षं होतात, नोंदणीची मुदत संपते, आरटीओच्या कॅम्पात साहेबांपुढे गाडी उभी करून पुन्हा पासिंग करून घ्यायचं आहे आणि गाडी माझ्या नावावर असल्याने सही माझी लागते, हे समजलं. सही कुठे करायची तिथे तुम्ही पेन्सिलीने फुल्या मारून दिल्यात. उपकार झाले. पण कॉन्व्हेंटात आम्हाला सिस्टरांनी आधी वाचायला शिकवलं आणि नंतर सही करायला, त्यामुळे फुल्यांच्या वरचा मजकूर मी वाचला. "वाहन सुस्थितीत आहे" असं तिथे मी म्हणते आहे.

मी असं काही म्हणत नाही. मार्गशीर्षात तुमचा आदिनाथ योगेश्वरीच्या दर्शनाला आला तेव्हा मी ती गाडी पाहिली. तो माझ्या दारात थांबला असं तुम्ही म्हणाल. तो थांबला नाही, माझ्या फाटकाने त्याला थांबवलं. फाटक अजून वाकडं आहे. गाडीला आरसे नव्हते. नंबरप्लेटवर नंबराहून मोठ्या अक्षरांत 'राधाकिशनराव मित्रमंडळ' होतं. चेन इतकी सैल की धुणं वाळत घालता आलं असतं.

ही गाडी तुमच्या भावाने पुसून पुसून वापरली. ते गेल्यावर मी ती दिली, ती तुम्हाला नाही, आदिनाथलाही नाही. त्याच्या बायकोला, तुमच्या सुनेला दिली. रोहिणीला आरोग्यसेविकेची नोकरी लागली होती आणि वस्त्या-तांड्यांवर जायला एसटी नव्हती. आज ती मुलगी त्या गाडीवर लसीचा डबा घेऊन उसाच्या ट्रॉल्यांमधून रोज फिरते. म्हणून सहीच्या आधी मला उत्तरं पाहिजेत. टायरला नक्षी उरली आहे का? हॉर्न, दिवे, इंडिकेटर, आरसे यांचं काय झालं? ब्रेक लागतो का?

बाकीचं जमलं नाही तर निदान "ब्रेक लागतो" एवढे दोन शब्द तुमच्या हस्ताक्षरात लिहून खाली सही करून पाठवा. अंगठा चालणार नाही.

सरस्वती


राधाकिशनराव
माजी सदस्य, पंचायत समिती
अध्यक्ष, रस्ता सुरक्षा अभियान समिती, सिरसाळा

२१ जानेवारी २०२५

तीर्थरूप वहिनीसाहेबांच्या चरणी राधाकिशनचा साष्टांग नमस्कार.

पत्रास उशीर झाला, क्षमा असावी. सध्या रस्ता सुरक्षेचा महिना चालू असल्याकारणाने समितीची मोटारसायकल रॅली होती. लई मोठी झाली. पार बाजारापासून नाक्यापर्यंत गाड्याच गाड्या. 'हेल्मेट वापरा' असं छापलेल्या टोप्या आम्ही सगळ्यांना वाटल्या. सगळ्यांनी घातल्या.

आता आपल्या प्रश्नांबद्दल. वहिनी, तुमी शहरातल्या शाळेत शिकल्या, तुमाला गाडी कागदावरनं दिसती. इकडची गोष्ट येगळी हाय. हॉर्न वाजत न्हाई हे खरं, पर सायलेन्सर असा बसवलाय की रोहिणी तिकडं पुलावर आली की इकडं चहा ठिवता येतो. इंडिकेटरचं म्हणाल तर आपल्याकडं हात दाखवायची पद्धत हाय. दिव्यावर कोण इस्वास ठिवतो? माणूस हातावर ठिवतो. मोठा दिवा वरचा लागतो, खालचा न्हाई. समोरच्याचे डोळे दिपत्यात, पर तो बाजूला होतो. आरसे काढून ठिवलेत, ट्रॉलीशेजारून निघताना अडकत्यात. टायर गुळगुळीत झालेत, त्यानं झालं असं की गाडी सुळसुळीत पळती आन् पेट्रोल कमी खाती.

ब्रेकबद्दल आपण इशेष इचारलंत. गाडीला दोन ब्रेक हायेत, पुढचा आन् मागचा.

एवढ्यासाठी सही कावून अडवलीत? पाडवा झाला की गाडी कागदानं मेली. मग ती ओट्याला लावायची आन् रोहिणीनं घरी बसायचं. माझं काय, मी तिच्या नोकरीला आधीपासून राजी न्हवतो. आमच्या मंडळीचे, केशरबाईचे गुडघे धरलेत, घरात हाताखाली माणूस पाहिजेच हाय. आपण म्हणाल तसं.

आपला आज्ञाधारक दीर,
राधाकिशन


अंबाजोगाई,
२८ जानेवारी २०२५

चि. सौ. रोहिणी हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासऱ्यांचं पत्र आलं. मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा पोस्टात तक्रारअर्ज वाचायचे तसं. त्यांनी हॉर्नपासून टायरपर्यंत सगळं खरं लिहिलं आहे, इतकं खरं की कॅम्पातल्या साहेबांना ते पत्रच दाखवलं तर गाडी बघायला त्यांना उठावं लागणार नाही. फक्त ब्रेकपाशी आल्यावर ते एकदम मोजूनमापून बोलू लागले. "गाडीला दोन ब्रेक आहेत," म्हणतात. मलाही दोन गुडघे आहेत.

ते लागतात का, हे तू सांग. मी सही केली नाही तर तू घरी बसणार, असंही त्यांनी कळवलं आहे. म्हणजे सही केली तर तुझ्या जिवाला घोर आणि न केली तर नोकरीला. माणसाने मला एवढ्या सफाईने कोपऱ्यात घेतलेलं मी नोकरीत असतानाही पाहिलं नव्हतं. त्यांना राजकारणात आणखी वर जाता आलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

खरं लिही. माझ्यासमोर 'मोठ्या आई, मोठ्या आई' करत खोटं बोलणं सोपं आहे, कागदावर जड जातं.

तुझी,
मोठी आई


सिरसाळा,
४ फेब्रुवारी २०२५

ती. मोठ्या आई यांना रोहिणीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र उपकेंद्राच्या पत्त्यावर पाठवलंत ते बरं केलं. घरी आलं असतं तर मामंजींनी आधी फोडलं असतं आणि मग मला वाचून दाखवलं असतं.

मोठ्या आई, गाडी चांगली आहे. तुम्ही उगीच काळजी करता. ब्रेकचं म्हणाल तर गाडीची सवय असावी लागते. मला आहे. पुलाचा उतार आला की मी आधीच गिअर पाडते. उपकेंद्राच्या अलीकडे बाभळ आहे, तिथे इंजिन बंद केलं की गाडी बरोबर दारात येऊन थांबते. अगदीच कुणी आडवं आलं तर पाय टेकते. चपला तेवढ्या लवकर झिजतात. परवा छबुबाई म्हणाल्या, त्या तांड्यावरच्या, "सिस्टर, तुमच्या चपला सहा महिन्यांच्या लेकराच्या लंगोटासारख्या हायेत, सारख्या बदलाव्या लागतात." आम्ही दोघी खूप हसलो.

तुम्ही सही करा. घरात मी 'अगं ए' असते. गाडीला किक मारून पुलापलीकडे गेले की मी 'सिस्टर' होते. बायका दारात येऊन उभ्या राहतात. बीपी बघा म्हणतात, नवऱ्याला दोन शब्द सुनवा म्हणतात. हे सगळं त्या गाडीमुळे आहे. चालत गेले तर दुपारपर्यंत एक वस्ती होते आणि लसीचा बर्फ वितळतो.

मामंजींना मी लिहिलेलं कळवू नका. सही करा.

आपली,
रोहिणी


अंबाजोगाई,
१० फेब्रुवारी २०२५

राधाकिशन भावजी यांस नमस्कार.

सही केलेले कागद सोबत आहेत. तुम्ही जिंकलात असं समजू नका. मी तुमच्यासाठी सही केलेली नाही.

रोहिणीचं पत्र आलं. तिने मला विनंती केली आहे की हे तुम्हाला कळवू नये, म्हणून मुद्दाम कळवते. ती काही तक्रार करत नाही. गाडी चांगली आहे म्हणते आणि तिला वरचेवर चपला घ्याव्या लागतात म्हणते. ब्रेकच्या आत बसतो त्याला गॅरेजवाले 'शू' म्हणतात, एवढं तुमच्या भावामुळे मला माहीत आहे. तुम्ही त्याचा अर्थ सुनेच्या पायातल्या चपला असा घेतलेला दिसतो. रस्ता सुरक्षेच्या रॅलीत हा शोध सांगितला होतात का? निदान टोप्यांवर छापायला हवा होता.

आता नीट वाचा. कॅम्पाला जाण्याआधी टायर, ब्रेकचे शू, आरसे, हॉर्न, मागचा दिवा आणि चेन, सगळं करून घ्यायचं. मित्रमंडळ नंबरप्लेटवरून उतरवायचं, त्याला दुसरीकडे कुठेही न्या. काय काय केलं ते मला सविस्तर लिहायचं. आणि "ब्रेक लागतो" हे दोन शब्द मला अजून मिळालेले नाहीत.

सरस्वती


राधाकिशनराव
माजी सदस्य, पंचायत समिती
अध्यक्ष, रस्ता सुरक्षा अभियान समिती, सिरसाळा

२३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप वहिनीसाहेबांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

पेढे पोस्टानं धाडता येत न्हाईत म्हणून नुस्ती बातमी धाडतो. गाडी पास! पुढच्या पाच वर्षांला काळजी न्हाई.

आपण सविस्तर लिहा म्हणलात म्हणून लिहितो, लपवायचं कायबी कारण न्हाई, सगळं गाव असंच करतं. आपल्या जमीलच्या गॅरेजात एक पासिंगचा जोड हाय. जोड म्हणजे चांगल्या टायरची दोन चाकं, आतल्या ब्रेकसगट, दोन आरसे, हॉर्न आन् मागचा दिवा. आपल्या मॉडेलच्या गाड्या सिरसाळ्यात घरटी हायेत. ज्याची गाडी कॅम्पाला निघाली त्याच्या गाडीला जमील जोड चढवून देतो. पास झाली की उतरवून पुढच्याला. कुणाचं अडत न्हाई. ही योजना मीच चालू केली. जनतेची सेवा म्हणजे तरी दुसरं काय असतं?

तर साहेब आले. गाडीभोवती फिरले. हॉर्न दाबला, वाजला. मला म्हणले, "चालवून दाखवा आन् ब्रेक मारा." मी मारला. वहिनी, गाडी अशी जागच्या जागी थांबली की मीच टाकीवर आलो. साहेबांनी आरसा हातानं हालवला, मागनं बघितला आन् हसले. म्हणले, "जुनी गाडी हाय, पर लई जपलीय." भाऊ असते तर त्यांला किती बरं वाटलं असतं!

साहेब हसायचं कारण असं की डाव्या आरशाच्या पाठीला एक चित्र चिकटवलंय. पंख असलेला देवदूत, सोनेरी, हातात पिपाणी. कुण्या किरिस्ताव माणसाच्या गाडीचा असावा; सामान जमीलनं जमवलं, कुठनं ते मी इचारलं न्हाई. जमीलला मी कितीदा म्हणलं, खरवडून टाक. तो म्हणतो, "राहू द्या ना साहेब, बिचाऱ्याचं तोंड चांगलंय."

मित्रमंडळाची पाटी कॅम्पापुरती काढली होती. परत लावली.

आपला,
राधाकिशन


सिरसाळा,
३ मार्च २०२५

ती. मोठ्या आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला दुसरीकडून कळण्याआधी मीच कळवते. घाबरू नका, मी हे पत्र स्वतः लिहिते आहे.

शनिवारी लसीकरण आटपून येत होते. उजेड होता. वळणावर उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती, मागे लाल फडकंसुद्धा नाही. मी गिअर पाडला, पाय टेकले, तर चपलेचा पट्टा तुटला. मग समोर ट्रॉली आणि शेजारी ज्वारी, एवढंच उरलं. मी ज्वारीत घातली. डावं मनगट मुरगळलं आहे, गुडघा फुटला आहे, बाकी काही नाही. लसीचा डबा पोटाशी धरला होता, त्याला ओरखडा नाही. शेतवाले आजोबा काठी घेऊन धावत आले, "कुणाची हाय बे गाडी? माझी ज्वारी मोडली!" जवळ येऊन बघतात तर मी. मग काठी टाकून म्हणाले, "अगं बाई, सिस्टर! मोडू दे ज्वारी, उठ आधी."

पासिंगच्या दुसऱ्याच दिवशी जमीलभाईंनी जोड उतरवून आमची जुनी चाकं परत लावली होती. लावताना ते मामंजींना म्हणाले होते, "साहेब, पोरीच्या गाडीला राहू द्या की जोड." मामंजी म्हणाले, "मग गावानं काय करायचं?"

आता मामंजींनी ओसरीवर सगळ्यांना तो कागद दाखवला. म्हणाले, "गाडी सुस्थितीत हाय, साहेबांनी पास केलीय, खाली वहिनींची सही हाय. म्हणजे चूक गाडीची न्हाई, चालवणारीची हाय. आता हिनं घरीच बसायचं." कागद खराच होता.

हात बरा झाला की राजीनामा लिही, असं ठरलं आहे. मागच्या पत्रात मी चपलांचं हसण्यावारी नेलं होतं. तुम्ही हसला नव्हता, ते बरोबर होतं.

तुमची,
रोहिणी


अंबाजोगाई,
७ मार्च २०२५

राधाकिशन भावजी,

तुमचं पेढ्यांचं पत्र आणि रोहिणीचं ज्वारीचं पत्र, दोन्ही माझ्यासमोर आहेत.

गाडी नीट असल्याचं माझ्या सहीने सिद्ध झालं, म्हणून मुलीला चालवता येत नाही हेही माझ्या सहीने सिद्ध झालं, म्हणून तिने घरी बसायचं. मी सही केली ती तिची नोकरी टिकावी म्हणून. तुम्ही तीच सही तिच्या राजीनाम्यासाठी वापरलीत. एका सहीतून एवढं काम काढणारा माणूस पोस्टात असता तर सरकारचं तिकिटांचं छापकाम अर्ध्यावर आलं असतं.

आता त्या देवदूताबद्दल. कुण्या ख्रिस्ती माणसाच्या गाडीचा असावा, असं तुम्ही लिहिता. तो देवदूत माझा आहे. आमच्या शाळेच्या मेळाव्यात म्हाताऱ्या हेडमिस्ट्रेस सिस्टरांनी तो मला हातात दिला होता आणि गाडी घरी आली त्या पाडव्याला मी तो डाव्या आरशाच्या पाठीला चिकटवला. तुमचे भाऊ म्हणाले, "सकाळी हळदीकुंकू वाहिलं, दुपारी बाप्तिस्मा झाला, आता ही गाडी कुणाला अडायची नाही." त्यांनी तो कधी काढला नाही. पुसताना त्याचं तोंडही पुसायचे.

म्हणजे ज्या जोडावर तुम्ही अख्खं गाव पास करता, तो माझ्या नवऱ्याच्या गाडीचा आहे. मी गाडी रोहिणीला दिली तेव्हा ती आरसे, टायर, ब्रेक, हॉर्न सगळ्यासकट दिली होती. तुमच्या योजनेने ते उतरवून जनतेला वाहिलं. सिरसाळ्यातली प्रत्येक गाडी कधी ना कधी एका दिवसापुरती नीट चालली. जिची होती तिची तेवढी चपलांवर. आणि कॅम्पाच्या दिवशी तुम्ही तिच्या गाडीला तिचंच सामान उसनं आणलंत आणि मला पेढ्यांबद्दल लिहिलंत!

मी उद्या सकाळच्या एसटीने सिरसाळ्याला येते आहे. हे पत्र आज टाकलं तर तुम्हाला सोमवारच्या आधी मिळत नाही, हे मला माहीत आहे. मुद्दामच आज टाकते. तुम्हाला आधी कळवलं असतं तर जोड शनिवारी दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवर बसून परगावी गेला असता. पण मी काय केलं आणि का केलं, हे तुमच्या हातात लेखी असावं, म्हणून हे पत्र.

सरस्वती


सिरसाळा,
१७ एप्रिल २०२५

तीर्थरूप वहिनीसाहेब यांस राधाकिशनचा नमस्कार.

लेटरहेड संपलेत. नवीन छापले न्हाईत. कावून ते खाली कळंल.

आपण आलात, माझ्या घरचा चहासुदिक न घेता थेट जमीलच्या स्टुलावर जाऊन बसलात, ते मी कुणाला बोललो न्हाई. पर सगळ्या बाजारानं बघितलं. जमील तुमाला म्हणला, "मॅडम, जोड गेला तर गाव पायी हिंडंल," आन् तुमी म्हणलात, "हिंडू द्या, चालायला पासिंग लागत नाही." ते आता पोरं मला रस्त्यात म्हणून दाखवत्यात. जमीलनं तर तुमी स्टुलावरनं उठायच्या आत जोड रोहिणीच्या गाडीला चढवला. मी म्हणलं, "जमील, योजना माझी हाय." तर म्हणतो, "योजना तुमची, चाकं मॅडमची." एवढी वर्षं माझ्यापुढं मान खाली घालून उभा राहिलेला माणूस! वर माझी पाटी काढून हातात दिली. म्हणला, "साहेब, ही घरी लावा, घराला ब्रेक लागत न्हाई."

मग गाडी रोहिणीच्या नावावर करून दिलीत. तिचा राजीनामा माझ्यादेखत वाचलात, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्यात आन् फाडून टाकलात. एवढं फाडायचंच होतं तर दुरुस्त कावून केलं?

आता पुढचं ऐका. परवाच्या कॅम्पाला गावातल्या गाड्या गेल्या, त्यात माझीबी होती. जोड न्हवता. साहेबांनी पहिली गाडी बघितली, दुसरी बघितली आन् म्हणले, "आज देवदूत कुठं हाय?" सगळे आपापल्या टायराकडं बघाया लागले. साहेब म्हणले, "दर कॅम्पाला मला एकच देवदूत दिसतो. मला वाटायचं, ह्या गावात सगळ्यांची लई श्रद्धा हाय. आज न्हाई दिसला, म्हणून आज टायर बघतो." वहिनी, एक गाडी सुटली न्हाई. कुणाचा टायर, कुणाचा ब्रेक, कुणाचा दिवा. माझ्या गाडीपाशी आले, नुस्तं हँडल हालवलं आन् इचारलं, "मालक कोण?" मी म्हणलं, "मी, रस्ता सुरक्षा समितीचा अध्यक्ष." साहेब लई मोठ्यानं हसले न्हाईत, पर हसले. समितीनं आता अध्यक्ष बदलायचं ठरवलंय.

जमीलच्या दारात टायर बदलणाऱ्यांची रांग लागलीय. माझा नंबर यायचा हाय. तवर तालुक्याला जायचं म्हणलं तर गाडी घरात एकच, रोहिणीची. हात बरा झाला, कामाला जायला लागली. मागं बसू देती, पर अटी घालती. म्हणती, "मामंजी, हेल्मेट." टोपी चालत न्हाई. डबा माझ्या मांडीवर देती आन् म्हणती, "हालवू नका, आत पोलिओ हाय." वस्तीवरच्या बाया एकमेकींला सांगत्यात, "सिस्टरनं कंपाउंडर ठिवला वाटतं." माजी पंचायत समिती सदस्य म्हणून ह्या भागात मला लहान लेकरू वळखतं, वहिनी!

पर खरं सांगायचं ते येगळंच हाय. आपण तिला समजावून सांगा. कुत्रं आडवं आलं की मारती ब्रेक. शेरडू आलं की मारती. पुढं कायबी न्हाई, नुस्तं वळण हाय, तरी मारती. माझं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर आपटतं, डबा छातीत बसतो. काल तर पुलावर ट्रॉली उभी होती, मी डोळेच मिटले. उघडले तर गाडी तिच्या दोन हात मागं उभी, आन् ही मला आरशात बघून म्हणती, "मामंजी, थांबलो आपण. सोडा आता माझी ओढणी."

वहिनी, ब्रेक लई लागतो.

आपला,
राधाकिशन


अंबाजोगाई,
२२ एप्रिल २०२५

राधाकिशन भावजी यांस नमस्कार.

पत्र पोचलं. जानेवारीत मी तुमच्याकडे दोन शब्द मागितले होते. तुम्ही तीन पाठवलेत. "लई" मी खोडलेला नाही. हस्ताक्षर तुमचं आहे, खाली सही आहे. पावती म्हणून हे पत्र समजावं.

रोहिणीला मी काही समजावणार नाही. तुम्ही डबा सरळ धरा.

राजीनामा दुरुस्त का केला, असं विचारता. चुकीचं लिहिलेलं काही माझ्या हातून पुढे जात नाही, फाटायला असलं तरी.

सरस्वती

ता. क. आदिनाथ माझं फाटक सरळ करायला येतो म्हणाला होता. त्याला एसटीने पाठवा.